भरल्या बांधीतलं पाणी

पोळा सरला की शेतावर जाणं माझ्या जिवावर येतं. एरवी मी आईबरोबर जाते. निंदणीला बायका लावायच्या असोत की खत टाकायचं असो, रविवार त्यातच जातो आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण भादव्याचे हे पहिले दिवस, बांध्या काठोकाठ भरलेल्या, धान गुडघ्यावर आलेलं, बांधावर पाय ठेवला की दोन्हीकडून बेडूक पाण्यात उड्या टाकणार. हे दिवस आले की मी निमित्त शोधते. ऑफिसात काम आहे म्हणते. नवा रायपूरला माझं ऑफिस आहे, धानाच्या बियाण्यांचं, आणि तिथलं काम कधी संपत नाही हे आईलाही ठाऊक आहे, त्यामुळे निमित्त खपतं. मग संध्याकाळी त्या ओसाड, रुंद रस्त्याच्या कडेला बसची वाट पाहत उभी राहिले की इमारतींमधल्या रिकाम्या जागांत साचलेलं पाणी दिसतं. पूर्वी तिथंही बांध्याच होत्या. गवतातून त्यांचे बांध अजून कळतात. जे टाळून आले तेच समोर येऊन बसतं.

बांधी म्हणजे धानाचं एक खाचर. बाबा भंडाऱ्याकडचे, हा शब्द त्यांच्या घरचा. एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी जावं म्हणून बांधाला जी फट ठेवतात ती मुही. हा शब्द त्यांनी इथं छत्तीसगढात येऊन उचलला. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात ते भट्टीवर होते. आम्ही राहायचो बीरगांवला, अजूनही तिथंच राहतो. कारखान्यांच्या पलीकडे, जिथं गाव सुरू होतं तिथं त्यांनी तीन बांध्या घेतल्या होत्या. जमीन काही फार चांगली नाही. वारा कारखान्यांकडून सुटला की धुराड्यांची काळी भुकटी धानाच्या पानांवर बसते, निंदून आलेल्या बायकांचे हात कोपरापर्यंत काळे होतात. पण बाबांना त्या तीन बांध्यांचं वेड होतं. ड्यूटी सुटली की माणसं घरी जातात, हे सायकल वळवून शेतावर जायचे.

कालवा तिकडे पोचत नाही. जे पडेल ते पाणी आपलं. त्यामुळे बाबांची शेती म्हणजे मुख्यतः पाणी अडवणं. खेकडे बांधाला बिळं पाडतात आणि बघता बघता बांधी रिकामी होते, म्हणून ते वाकून, कान देऊन बांधावरून चालायचे. पाणी झिरपल्याचा आवाज आला की चिखलाचा गोळा कोंबून वर टाच दाबायचे आणि तसेच उभे राहायचे, चिखल धरेपर्यंत. लहानपणी मीही त्यांच्या शेजारी टाच दाबून उभी राहिलेय. तेव्हा ते बोलायचे नाहीत. मी बोलले तर म्हणायचे, थांब, ऐकू दे.

मी जपानमध्ये शेती शिकले, असं कळलं की लोकांचे चेहरे उजळतात. त्यांना वाटतं तिथं यंत्रमानव धान लावत असतील आणि आम्ही पांढरे कोट घालून बघत बसत असू. मी त्यांना सांगते की दोन वर्षं मी मुख्यतः गवत कापलं. खरंच आहे ते. डोंगरांच्या मधल्या एका खोऱ्यात आमचं शेतकी महाविद्यालय होतं, आणि जपानी माणसाला बांधावरचं गवत वाढलेलं खपत नाही. पावसाळाभर सकाळी हजेरी झाली की खांद्याला पट्टा लावून ते घरघरणारं यंत्र घ्यायचं आणि बांध भादरत सुटायचं. दहाला चहा, तीनला चहा. संध्याकाळी पाचला गावातल्या भोंग्यावर एक संथ सूर वाजायचा, लहान मुलांनी घरी जावं म्हणून. पण गावात लहान मुलं जवळजवळ नव्हतीच. म्हातारी माणसं होती, आणि त्यांच्या मागून पडीक राहणारी शेतं. तो सूर वाजला की मी यंत्र बंद करून उभी राहायची. घरी जा, असं कोणीतरी सांगतंय आणि आपण कुठे जाणार.

मला आठवतो तो दुसरा पावसाळा. त्या पावसाळ्यात बाबा आजारी पडले, आणि मला कोणी कळू दिलं नाही. ते माझ्याशी फोनवर बोलेनासे झाले, आणि थंडीत गेले. आमचं शेवटचं बोलणं झालं ते पाण्यावरून. म्हणून मला हे भरलेलं पाणी नको वाटतं.

तिथं प्रत्येक विद्यार्थ्याला धानाचं एक छोटं शेत देत, नावाची पाटी रोवून. माझ्या पाटीवर माझं नाव, करुणा, त्यांच्या लिपीत. आमचे शिक्षक मोरिता सेन्सेई, म्हणजे मोरिता सर. सडपातळ, गळ्यात कायम टॉवेल, माझ्याशी सावकाश आणि जरा मोठ्याने बोलत, परक्या माणसाशी सगळेच बोलतात तसं. जुलै लागला, धानाला फुटवे दाटले, आणि एके दिवशी वर्गात त्यांनी सांगितलं की आता शेतातलं पाणी काढून टाकायचं. सगळं. जमिनीला भेगा पडेपर्यंत तसंच ठेवायचं. ह्याला ते नाकाबोशी म्हणतात, मधली सुकवण. पाणी गेलं की मुळं त्याच्या मागे खोल जातात, वायफळ फुटवे थांबतात, जमीन आवळते, म्हणून पुढे वाऱ्यात धान लोळत नाही आणि कापणीचं यंत्र रुतत नाही. मग पाणी पुन्हा सोडायचं.

मी हात वर करून विचारलं, पुन्हा सोडायचं म्हणजे कुठलं? सेन्सेईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. प्रत्येक शेताच्या कोपऱ्यात एक नळ होता. तो फिरवला की पाणी येई.

त्या रविवारी घरी फोन लावला तेव्हा मला कधी एकदा बाबांना हे सांगते असं झालं होतं. बाबा फोनवर नेहमी जोरात बोलायचे, जपान लांब आहे म्हणून. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मध्ये मध्ये फक्त हव, हव करत होते.

“उभ्या धानातलं पाणी सोडून देतेत?” ते म्हणाले. “भरल्या बांधीतलं? काहून?”

मी मुळांचं सांगितलं, भेगांचं सांगितलं.

“अन् मंग पाणी आलंच नाही तं?”

“येते बाबा. नळ आहे न शेतात.”

“नळ.” ते थांबले. मग त्यांना हसू आलं. बाबा हसायचे ते आधी नाकातून, मग अंगभर. मागे वळून ते आईला सांगत होते, “ऐकलं का, तिकडं बांधीले नळ हायेत. उद्या धानाले शावर लावतीन हे लोक.” आणि हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला थांबेना. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला, लांबून तो खोकला येत राहिला, मग आईने फोन घेतला. ठसका लागला त्यायले, म्हणाली, चहा पिऊन राहिले होते. माझ्या डोक्यात आलं की रायपूरला ही जेवणाची वेळ, आत्ता कुठला चहा. पण मी तो विचार तिथंच सोडून दिला. बाबा हसले होते आणि मी खुश होते.

त्यानंतर मी त्यांचा आवाज ऐकला नाही.

सुकवणीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे आपापल्या शेताच्या टोकाला उभे होतो. तिथली मुही सिमेंटची. खाचेत लाकडी फळ्या बसवलेल्या असतात. वरची काढली की वरचं पाणी जातं, खालची काढली की सगळं. आजूबाजूची पोरं फळ्या उपटून, हात झटकून नाश्त्याला गेली. मी माझी फळी काढली. पाणी आधी काचेसारखं नितळ वाकून पडलं, मग त्याला आवाज आला. त्यात बेडकांची पिल्लं होती, शेपटीवाली, ती पाण्याबरोबर चालली होती. धानाच्या बुडाशी चिखल उघडा पडायला लागला. माझ्या टाचेत काहीतरी झालं. खरंच टाचेतच, डोक्याला सगळं पटलेलं होतं, परीक्षेत मी नाकाबोशीचे फायदे न चुकता लिहिले असते. मी फळी परत बसवली. फटींतून पाणी झिरपत होतं, तिथं चिखल कोंबला आणि वर टाच दाबून उभी राहिले.

नाश्ता आटोपून सेन्सेई परत आले तेव्हा मी तशीच उभी होते. काहून म्हणून त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांच्या भाषेत. मला मुळांची आणि भेगांची वाक्यं येत होती, ह्याचं येत नव्हतं. मी एवढंच म्हणाले की माझ्या घरी गेलेलं पाणी परत येत नाही. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. माझ्या शेताच्या पाटीकडे हात केला आणि म्हणाले की शेत तुझं आहे. रागावले असतील असं वाटलं होतं, पण तसं दिसलं नाही.

पुढचे दिवस आठवले की मला उन्हाची चकाकी आठवते. सगळीकडची शेतं सुकून करड्या भेगांची झाली होती, त्यांवर माणसं बुटांनी चालत होती, आणि मधोमध माझं एकटीचं शेत पाण्याने चमकत होतं. पोरं त्याला तलाव म्हणायला लागली. आजूबाजूचे सगळे बेडूक माझ्याकडे राहायला आले. वरून माझं धान सगळ्यांत हिरवं, सगळ्यांत उंच. बांधावर उभी राहून मी मनातल्या मनात बाबांना दाखवायची, बघा.

पण बाबा फोनवर येत नव्हते. एकदा ड्यूटीवर होते. एकदा शेतात. एकदा नुकतेच झोपले होते, उठवू का, असं आईने अशा सुरात विचारलं की मीच नको म्हणाले. माझा मोठा भाऊ मिलिंद, मी त्याला दादा म्हणते, तो मराठी सगळी समजतो आणि बोलतो हिंदी. त्याला विचारलं तर म्हणाला, “अरे ठीक हैं, तू पढ़ाई कर।” दादाने मला कधी अभ्यास कर म्हटलेलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण माणसाला जे समजायचं नसतं त्याच्यावर तो दुसरी समजूत ठेवून देतो. मी ठरवलं की बाबा रुसलेत. ऐन रोवणीच्या, धान लावायच्या दिवसांत पोरगी परक्या देशात परक्यांचं धान निंदते आहे, वर बापालाच पाणी सोडायला शिकवते आहे, म्हणून रुसलेत. मग मीही रुसले. आमच्या घरात रुसवा धरणं हा गुण बाबांकडून माझ्याकडेच आलाय. आईला म्हटलं, त्यांना बोलायचं नसेल तर राहू दे. आई म्हणाली, बरं.

हा “बरं” मला आता ऐकू येतो. त्या वेळी तिच्यामागे खाटेवर बाबा बसलेले असत. झोपवत नसे त्यांना, श्वास अडकायचा. डॉक्टरांनी दोन्ही फुप्फुसांचा फोटो दाखवून काय ते सांगितलं होतं. माझा फोन आला की ते तोंडावर दुपट्टा दाबून धरायचे, खोकल्याचा आवाज मला जाऊ नये म्हणून, आणि आईला खुणेने विचारायचे, काय म्हणते. शिक्षण अर्धवट टाकून पोट्टी धावत येईल, एवढीच त्यांना भीती होती. बरोबरच होती. मी आले असते.

सप्टेंबरात वादळ आलं. एक रात्र आणि एक सकाळ वारा चालला. नंतर आम्ही शेतं बघायला गेलो तर सगळ्यांचं धान जरा कलंडलेलं पण उभं होतं आणि माझं सगळं झोपलं होतं. एका दिशेला, अंगावर पाय देऊन कोणी चालत गेल्यासारखं. कणसं पाण्यात. उन्हं पडली तशी त्यांतल्या काही दाण्यांना तिथंच मोड आले. कापणीचं मोठं यंत्र माझ्या शेताशी आलं, ते पुढून रुतायला लागलं तशी सेन्सेईंनी ते मागे घ्यायला लावलं. मग दोन विळे आणले. एक मला दिला.

दोन दिवस आम्ही दोघं त्या चिखलात वाकून कापत होतो. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि जपानी माणूस बोलत नाही तेव्हा ते बोलण्यापेक्षा जड जातं. तीनच्या चहाला बांधावर बसलो होतो. समोरच्या बांधावर लाल फुलं उमलली होती, तिथं ती नेमकी ह्याच दिवसांत येतात, गेलेल्या माणसांची आठवण काढायच्या दिवसांत. सेन्सेईंनी विचारलं की घरी वडिलांना हे शेत असं झालेलं आवडेल का. मी म्हटलं, मी पाणी सोडलं असतं तर ते त्यांना आवडलं नसतं. ते मान हलवत राहिले. त्यांची दोन्ही मुलं शहरात होती आणि परतणार नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मग ते म्हणाले की वडिलांना फोन कर.

मी केला नाही. हसण्यासारखी गोष्ट होती खरं तर. बाबांना सांगायची होती ती हीच: तुमच्यासारखी टाच दाबून उभी राहिले आणि सगळं धान लोळवलं. पण ती मी राखून ठेवली. आधी त्यांनी बोलावं, मग सांगू.

दिवाळीला दादाने घराच्या दाराचा फोटो पाठवला. छत्तीसगढात नवं धान आलं की कणसांची झालर विणून दाराला टांगतात, चिमण्यांसाठी. आमच्या घरी दिवाळीची पूजाअर्चा नाही, आम्ही बौद्ध. पण झालर बाबा दरवर्षी स्वतः विणायचे. चिमण्यायले कोणती जात अन् कोणता धरम, म्हणायचे. चांगली दाट, वीतभर रुंद, पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, बायका बघायला यायच्या. त्या वर्षीची अगदीच केविलवाणी होती. बोटभर रुंद, मध्ये फटी, कणसं पोचट. मी उत्तर पाठवलं: इस बार चिड़िया डाएट पे है क्या? दादाने त्यावर हसरा चेहरा पाठवला. फोटोत बाबा नव्हते. ते असतील म्हणून मी दोन बोटांनी फोटो मोठा करून दाराच्या आतल्या अंधारात शोधलं, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर थंडी पडली, शेतांवर पहाटेचं पांढरं दव गोठायला लागलं, आणि एका दुपारी दादाचा फोन आला. तो मराठीत बोलला. “करुणा, बाबा गेले.” त्याने मराठी बोलावं म्हणजे दुसरं काही असूच शकत नव्हतं.

मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. दारावरची ती झालर तशीच लोंबत होती, चिमण्यांनी दाणे खाऊन झालेले, नुसता पेंढा. लोक भेटायला येत होते. कारखान्यातले एक काका म्हणाले की तुला कणखर करायसाठीच त्यांनी मन घट्ट केलं हो. मला त्यांचा राग आला. अजून येतो. पाणी तोडलं की मुळं खोल जातात हे मी शिकून आले आहे, पण माणूस म्हणजे धान नव्हे. माझी मुळं कुठे खोल गेली नाहीत. मी नुसती सुकले. कोणी येऊन पुन्हा नळ फिरवेल अशीही सोय नव्हती.

आईने मला परत धाडलं. उरलेले महिने मी पुरे केले. निघताना सेन्सेईंनी माझ्या शेताचा तांदूळ एका कापडी पिशवीत घालून दिला. मोड आलेला, डागलेला, तुकडा झालेला. असा तांदूळ तिथं कोणी कोणाला देत नाही. त्यांनी तो वेगळा ठेवला होता. घरी आणल्यावर आईने त्याचा भात केला. चिकट झाला. दादा म्हणाला, “ये तो गोंद है।” तरी आम्ही तिघांनी तो संपवला, आणि हा असा का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ह्याला आता काही वर्षं झाली. बांध्या आई बघते. मी शिकलेलं काहीबाही तिला सांगते, ती त्यातलं निम्मं ऐकते. फक्त पाणी सोडायचं मी कधी सांगितलं नाही. आमच्या ऑफिसची माणसं गावोगाव जाऊन सांगतात की मध्ये एकदा पाणी काढा, पीक चांगलं येतं. ती पत्रकं मीच लिहिते.

ह्या वर्षी पाऊस जास्त झाला. गेल्या रविवारी आईने माझं निमित्त चालू दिलं नाही. गुडघे दुखतात, चल माह्यासंगं, म्हणाली. गेलो. आभाळ खाली उतरलेलं, धुराड्यांचा धूर वर न जाता शेतांवरच पसरलेला. कडेच्या बांधीत पाणी इतकं साचलं होतं की धान पिवळं पडायला लागलं होतं. आई बांधावर बसली आणि म्हणाली, मुही उघड. मी म्हटलं, राहू दे, पुढे पाऊस नाही आला तर? ती म्हणाली, धान सडून राहिलं दिसत नाही का. मी कुदळ हातात घेऊन उभीच राहिले.

“तुह्या बाबानं उघडली होती,” आई म्हणाली. “तू काहून नाही उघडत?”

मला वाटलं ती जुन्या कुठल्या पुराचं बोलतेय. पण ती त्या वर्षाचं बोलत होती. त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी हट्ट धरला की मला शेतावर न्या. चालवत नव्हतं. दादाने मोटारसायकलवर मागे धरून नेलं. ह्याच बांधीशी, आई आत्ता बसली होती तिथं त्यांना बसवलं. बांधी तुडुंब होती. बाबांनी कुदळ मागितली आणि बसल्या बसल्याच मुही फोडली. आई ओरडली की डोकं फिरलं का तुमचं. ते म्हणाले, पोट्टी तिकडं शिकून राहिली ते काय आहे पाहू तं दे. दम लागला होता, तरी पाणी पूर्ण जाईपर्यंत ते उठले नाहीत. कान देऊन ऐकत होते.

“मले म्हणे,” आई सांगत होती, “ती बी तिकडं आत्ता असंच पाणी पाहत उभी असन.”

मग पाऊस आला नाही. भेगा पडल्या, त्या तर पडायच्याच होत्या. पण त्यात पाय जाईल एवढ्या झाल्या, आणि वर नळ नव्हता. बाजूच्या दोन बांध्या तगल्या, ही जळली. गावातले लोक विचारायला आले की हिचंच पाणी कसं गेलं, तेव्हा बाबांनी खेकड्यानं फोडली म्हणून सांगितलं. आईला बजावलं की पोट्टीले सांगायचं नाही, लोक तिच्या शिकण्याला नावं ठेवतील. ह्या बांधीत जी चार कणसं भरली ती त्यांनी आणायला लावली आणि खाटेवर बसून, थांबत थांबत, त्यांची झालर विणली.

मला एकदम तो फोटो आठवला. चिमण्या डाएटवर आहेत का, असं मी विचारलं होतं.

बाबांना महिन्यांचा ताळमेळ ठाऊक नव्हता. पोळ्याच्या सुमाराला तिकडे जपानात सुकवण कधीच आटोपली होती, सगळ्यांच्या शेतांत पुन्हा पाणी आलं होतं. आणि माझ्या शेतातलं तर गेलंच नव्हतं. बाबा माझं ऐकून भरली बांधी रिकामी करत होते आणि मी तिकडे त्यांच्यासाठी पाणी धरून बसले होते. दोघांचंही धान गेलं.

मग मी आईला माझं सांगितलं, पहिल्यांदाच. फळी परत बसवली ते, टाच दाबून उभी राहिले ते, तलाव, वादळ, दोन विळे, तो गोंदासारखा भात. आई ऐकत राहिली. धूर आमच्यापर्यंत आला होता, तिने पदर नाकाला लावला. 

“सांगाचं होतं न त्यायले,” शेवटी म्हणाली. “हासले असते.”

हसले असते. आधी नाकातून, मग अंगभर, आणि मग तो खोकला आला असता, आणि मला सगळं कळलं असतं. म्हणूनच तर ते फोनवर येत नव्हते.

मी वाकून मुही उघडली. चिखल घट्ट होता, कुदळीचे चार घाव घालावे लागले. पाणी जायला लागलं. मी आईशी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, थांब, ऐकू दे.